खालून टकटक येतेय? जुन्या गाडीचं सस्पेन्शन तपासताना आणि दुरुस्त करताना

तीन वर्षांपूर्वी गणपतीला कोकणात जाऊन आलो आणि गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने टकटक सुरू झाली. चांगल्या डांबरावर गप्प, पण सोसायटीच्या फाटकाजवळचे पेव्हर ब्लॉक लागले की कुणीतरी खालून हातोडी मारतंय असं वाटायचं. गॅरेजवाल्याने बॉनेटवर दोन्ही हात टेकून गाडी दाबली, मान हलवली आणि म्हणाला, "शॉकअप गेलेत साहेब." दोन्ही पुढचे शॉकअप बदलले. मजुरीसकट आठ हजारांच्या वर गेले. गाडी घेऊन फाटकाशी आलो, तर टकटक जशीच्या तशी.

दोष होता लिंक रॉडमध्ये. वीतभराहून थोडी लांब सळई, दोन्ही टोकांना सुपारीएवढे गोळे. नवी जोडी हजाराच्या आत आली आणि एका रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसून मीच ती बदलली.

हा लेख त्या आठ हजारांतून आलाय. सस्पेन्शनच्या कामात पार्ट बदलणं त्या मानाने सोपं असतं, नेमका कोणता बदलायचा ते शोधणं अवघड. म्हणून पुढे पाना हातात घ्यायच्या आधीच्या गोष्टी जास्त आहेत. माझी गाडी २०१२ ची डिझेल स्विफ्ट, सव्वा लाख किलोमीटर झालेली. तुमची वॅगनआर, आय-१०, आय-२० किंवा इंडिका असली तरी पुढच्या चाकांची रचना बरीचशी अशीच असते.

चाकामागे काय दडलंय

पुढचं चाक डावीकडे किंवा उजवीकडे पूर्ण वळवा, खाली वाका आणि मोबाइलच्या उजेडात आत पाहा. चाक ज्या जाडजूड ओतीव तुकड्यावर बसतं तो नकल. नकलच्या वर उभा खांब दिसतो, त्याच्याभोवती स्प्रिंग गुंडाळलेली. हा स्ट्रट, म्हणजे आतला शॉकअप आणि बाहेरची स्प्रिंग मिळून. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने ही रचना बसवून दिली, १९५० च्या सुमारास फोर्डच्या ब्रिटनमधल्या गाड्यांत ती आली, आणि कमी जागेत, कमी पैशांत बसते म्हणून आज आपल्याकडच्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्यांत तीच आहे.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि गचका पोटात घेते. शॉकअपचं काम निराळं: स्प्रिंग एकदा दबली की ती झोके घेत राहते, ते झोके थांबवायचे. हा फरक लक्षात ठेवा. गाडी खाली बसली असेल तर संशय स्प्रिंगवर, गाडी डुलत असेल तर शॉकअपवर.

नकलच्या खाली एक आडवा लोखंडी हात असतो, तो लोअर आर्म. त्याचं बाहेरचं टोक बॉल जॉइंटने, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याने, नकलला जोडलेलं, आतली दोन टोकं जाड रबरी बुशमधून गाडीच्या सांगाड्याला. स्टिअरिंगकडून येणारी बारीक सळई म्हणजे टाय रॉड, तिचं टोक टाय रॉड एंड. आणि डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत गेलेला वाकडा दांडा दिसला तर तो स्टॅबिलायझर बार. गॅरेजात त्याला जंपिंग रॉड म्हणतात. वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून तो असतो. हा दांडा स्ट्रटला जोडणारी ती छोटी सळई म्हणजे आमची लिंक रॉड.

एवढ्या सगळ्यात झिजतं काय? लोखंड क्वचितच. झिजतात रबरं आणि गोळे. जुन्या गाडीतले बहुतेक आवाज तिथूनच येतात, आणि ते बदलायला येणारा खर्चही शॉकअपपेक्षा बराच कमी असतो.

आधी कान

काचा खाली करा, रेडिओ आणि एसीचा पंखा बंद करा, डिकी पूर्ण रिकामी करा. डिकीतला जॅक, स्पेअर चाकाचा सैल नट, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा सस्पेन्शनसारखा आवाज करते. माझ्या मेव्हण्याची "मागून येणारी खडखड" म्हणजे नीट न अडकवलेला जॅक होता. शक्य असेल तर दुसऱ्याला गाडी चालवायला द्या आणि तुम्ही आधी पुढे, मग मागे बसून ऐका.

एकच रस्ता ठरवून घ्या. पेव्हर ब्लॉक, एक स्पीडब्रेकर आणि जिथे स्टिअरिंग पूर्ण फिरवून वळता येईल अशी मोकळी जागा, एवढं पुरे.

वेग २० च्या आसपास ठेवून पेव्हर ब्लॉकवर चालवा. बारीक, भराभर टकटक आली की पहिला संशय लिंक रॉडवर, कारण डावं-उजवं चाक वेगवेगळं उडतं तेव्हा तिलाच सगळ्यांत जास्त काम पडतं. मग स्पीडब्रेकर दोन्ही चाकांनी सरळ, सावकाश ओलांडा. पेव्हर ब्लॉकवरची टकटक इथे आली नाही तर तो संशय आणखी पक्का होतो. उलट इथेच जाड "धप्प" ऐकू आलं तर लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट किंवा स्ट्रटच्या डोक्यावरचं रबरी माउंटिंग बघायचं.

ब्रेक मारताना एकदा "टक", मागे घेताना ब्रेक मारला की पुन्हा एकदा "टक", असं असेल तर लोअर आर्मचा बुश फाटलेला असू शकतो. ब्रेक मारला की आर्म मागे सरकतो, सोडला की पुढे येतो.

गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगमधून "टुंग" असा आवाज येतो, स्टिअरिंग किंचित अडकून सुटल्यासारखं वाटतं, तेव्हा स्ट्रटच्या वरचं बेअरिंग घासलेलं असतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस दिल्यावर कट-कट-कट आवाज येत असेल तर मात्र सस्पेन्शनला दोष देऊ नका, तो ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, सीव्ही जॉइंट. वेगाबरोबर वाढत जाणारी, विमानासारखी घरघर बहुतेकदा चाकाच्या बेअरिंगची किंवा टायरची असते.

आणि कुरकुर. उन्हाळ्यात स्पीडब्रेकरवर जुन्या खाटेसारखी कुरकुरणारी गाडी पावसात भिजली की गप्प होते, चार दिवस ऊन पडलं की पुन्हा कुरकुरते. हे सुकलेलं रबर. त्यावर लगेच पैसे घालवायची गरज नाही. पण त्यावर इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस फासू नका. आवाज जाईल आणि रबर फुगून काही दिवसांत त्याचा भुगा होईल. लावायचंच असेल तर सिलिकॉनचा स्प्रे.

मग हात

गाडी उचलण्याआधी सपाट जागेवर उभी करून एक चक्कर मारा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी टेपने मोजा. डाव्या-उजव्यात बोटभर फरक असेल तर एक स्प्रिंग बसलीय किंवा तुटलीय. स्प्रिंगचा सगळ्यांत खालचा वेढा तुटला तर वरून कळतही नाही. कोकण किनारपट्टीवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत खाऱ्या हवेने रंग उडालेल्या जागी गंज धरतो आणि तिथूनच स्प्रिंग मोडते.

टायरवरून तळहात फिरवा. डोळ्यांना न दिसणारं हाताला कळतं. आतून बाहेर हात नेताना गुळगुळीत आणि बाहेरून आत आणताना करवतीसारखे दाते लागले तर चाकांचा टो (वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलीत ते माप) बिघडलाय. फक्त आतली कड झिजली असेल तर टो किंवा कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती कललंय ते). टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे असतील तर चाक रस्त्यावर उड्या मारत होतं: शॉकअप कमजोर झालेत किंवा बॅलन्सिंग गेलंय. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला असेल तर तो सस्पेन्शनचा दोष नाही, हवा कमी ठेवल्याचा आहे. खाचांची खोली १.६ मिलीमीटरपर्यंत आली की टायर संपला. खाचेत जे आडवे उंचवटे असतात ते याच खुणेसाठी.

बॉनेट दाबून सोडायची परीक्षाही करा, पण तिच्यावर फार भरवसा ठेवू नका. दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीन झोके घेतले तर शॉकअप मेलेत. अर्धमेला शॉकअप मात्र ही परीक्षा आरामात पास होतो. त्यापेक्षा शॉकअपच्या अंगावर पाहा. वरच्या बाजूला थोडा ओलसरपणा चालतो. तेलाचे ओघळ खालपर्यंत आलेत, त्यावर मातीचा थर चिकटलाय, तर तो गेला.

आता गाडी उचलायची. इथे माझा स्वर थोडा कडक होणार आहे. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं, हात, काहीही घालायचं नाही. दोन जॅक स्टँड विकत घ्या. गॅरेजात त्यांना घोडी म्हणतात. विटा, दगड, लाकडाचे ठोकळे एकावर एक रचून टेकू देऊ नका. वीट आधी तडा जाऊन इशारा देत नाही, एकदम फुटते.

पुढची बाजू उचलताना हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी (पाचर) लावा. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत पुढची चाकं अधांतरी असताना गिअर टाकून ठेवण्याचा काहीच उपयोग नसतो. मागची बाजू उचलताना उलट: हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना उटी.

चाक हवेत आलं की ते वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरा आणि आत-बाहेर हलवा. खट् असं लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दोन्हीतलं कोणतं, हे ओळखायला कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे तो ढिलेपणा, नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथे प्ले असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅकचा आतला जॉइंट. एका हाताने टाय रॉड एंडचं रबर चिमटीत धरलं तर गोळा आत हलतो तो बोटांना जाणवतो.

चाक हाताने जोरात फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक खरखर उतरते. कानापेक्षा हे लवकर कळतं.

शेवटी टॉमी, म्हणजे लांब लोखंडी कांब. लोअर आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये हलकेच टॉमी घालून आर्म पुढे-मागे ढकला. रबर ताणलं जातं आणि परत येतं, हे बरोबर. रबर धातूपासून सुटून सरळ फट दिसली तर बुश गेला. वरवरच्या बारीक भेगा बारा वर्षांच्या रबराला असणारच, त्यांना घाबरू नका.

लिंक रॉड: पहिलं काम इथून

नवशिक्याने पहिल्यांदा हात घालावा तो इथे. स्प्रिंगचा ताण नाही, अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) बिघडत नाही, आणि चुकलात तरी परत जोडता येतं. साहित्य: चाकाचा पाना, रिंग पाने, ॲलन कींचा संच, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे आणि दोन घोड्या.

१. आदल्या रात्री चाक वळवून लिंक रॉडच्या दोन्ही नटांवरची माती तारेच्या ब्रशने काढा आणि स्प्रे मारून ठेवा. सकाळी पुन्हा एकदा. ही पायरी गाळली तर पुढचे दोन तास नटाशी झटापटीत जातात.

२. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. मग गाडी उचला, दोन्ही पुढची चाकं हवेत हवीत. एकच बाजू उचलली तर जंपिंग रॉडला पीळ बसतो आणि लिंक रॉड त्या पिळाखाली ताणलेली राहते. सुटताना ती उसळते, आणि नवी भोकात बसता बसत नाही. दोन्ही चाकं सारख्याच उंचीवर लटकली की पीळ निघून जातो.

३. चाक काढून गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. घोडी सरकली तर गाडी चाकावर बसेल.

४. जुनी लिंक रॉड हाताने हलवून पाहा. खराब असेल तर गोळा आपल्या वाटीत सैल फिरतो, हलवला की टिक-टिक करतो. चांगला गोळा घट्ट असतो, बोटांनी जेमतेम फिरतो.

५. नट सोडायला लागलात की आतला बोल्टही नटाबरोबर गरगर फिरायला लागेल. इथे बहुतेक नवशिके हार मानतात. बोल्टच्या टोकाला पाहा, बारीक षट्कोनी खाच असते. त्यात ॲलन की घालून बोल्ट धरून ठेवा आणि रिंग पान्याने नट फिरवा. खाच गंजाने भरलेली असेल तर खिळ्याने कोरून साफ करा, की पूर्ण आत बसली पाहिजे. अर्धवट बसवून जोर दिलात तर खाच गोल होते आणि मग कटर मशीन आणावं लागतं. (माझ्या उजव्या बाजूला तेच झालं. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने दोन मिनिटांत नट कापून दिला आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत.)

६. नवी रॉड जुनीशेजारी ठेवून लांबी आणि दोन्ही टोकांची दिशा जुळते का बघा. डावी-उजवी वेगळी असू शकते. मग बसवा, नट आधी हाताने चढवा, नंतर पान्याने घट्ट करा. रबरी टोपी पिळली गेली नाही ना, ते बघा. टोपी फाटली की आत माती जाते आणि नवा गोळा वर्षभरात जुना होतो.

७. एकच बाजू वाजत होती तरी दोन्ही बदला. दुसरीही तेवढीच चाललेली असते.

चाक बसवताना नट समोरासमोरच्या जोडीने घट्ट करा आणि शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर द्या. पाइप लावून पान्यावर उभं राहायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने घट्ट करणं केव्हाही चांगलं.

लोअर आर्म आणि त्याचे बुश

हे काम थोडं दमाचं. पहिल्यांदा करताना जाणकार माणूस शेजारी असू द्या. बऱ्याच मारुती गाड्यांत बॉल जॉइंट लोअर आर्मसकटच येतो, आणि त्याचा दांडा नकलमध्ये एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. दांड्याला एक खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. म्हणून बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. हे माहीत नसल्याने लोक हातोडीने नकल ठोकत बसतात. दांडा सुटला की चाकाचा हब बाहेरच्या बाजूला ओढू नका, नाहीतर ड्राइव्ह शाफ्ट आतल्या टोकातून निसटतो. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज पाइप ताणला जाणार नाही हेही बघा.

नुसते बुश बदलायचे की पूर्ण आर्म? बुश हायड्रॉलिक प्रेसवर दाबून बसवावे लागतात, खर्च कमी येतो. पण बॉल जॉइंटही तेवढाच जुना असेल तर मी पूर्ण आर्म घेतो. चार महिन्यांनी तेच बोल्ट पुन्हा सोडण्याची हौस मला नाही.

आता या कामातली सर्वांत जास्त होणारी चूक. बुशच्या मधली नळी बोल्टने सांगाड्याला घट्ट आवळली जाते आणि बाहेरचं कडं आर्मला चिकटलेलं असतं. मधलं रबर फिरत नाही, ते पिळतं आणि परत येतं. गाडी घोड्यांवर असताना चाक खाली लोंबकळतं, आर्म तिरका असतो. त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळले आणि गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. असा बुश उभ्या गाडीतही ताणाखाली असतो आणि लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी बेताचे लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, बॉनेटवर दोनदा दाबून ती आपल्या उंचीवर बसू द्यायची आणि मगच शेवटचा आवळ द्यायचा. खाली हात पोचत नसेल तर चाकं रॅम्पवर चढवा. गॅरेजात काम देत असाल तर फक्त एवढंच विचारा: "बुशचे बोल्ट चाकं टेकल्यावर आवळणार ना?" उत्तरावरून माणूस कळतो.

टाय रॉड एंड

लॉक नट ढिला करण्यापूर्वी त्याच्या जागेवर पांढऱ्या रंगाची खूण करा, एंड बाहेर काढताना किती वेढे फिरला ते मोजा, नवा तेवढेच वेढे आत घाला. यामुळे अलाइनमेंट सेंटरपर्यंत गाडी सरळ जाते. अलाइनमेंट मात्र चुकवता येत नाही.

पुढचे शॉकअप: इथे पाना खाली ठेवा

स्ट्रट गाडीतून बाहेर काढणं एक वेळ घरी जमेल. त्यावरची स्प्रिंग उतरवणं घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये गाडीच्या पुढच्या कोपऱ्याचं वजन साठलेलं असतं. बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना स्ट्रटच्या डोक्याशी बाजूचे छोटे नट आणि मधोमध एक मोठा नट दिसतो. तो मधला नट म्हणजे दाबलेल्या स्प्रिंगचं झाकण. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कंप्रेसर नावाच्या अवजाराने ती आवळल्याशिवाय तो नट सोडला की झाकण तोंडावर येतं. माणसं यात जायबंदी झालेली आहेत. यूट्यूबवर कुणीतरी दोरीने बांधून करताना दिसेल, तिकडे दुर्लक्ष करा.

गॅरेजला देताना मात्र काय सांगायचं ते माहीत हवं. शॉकअप जोडीनेच बदलायचे, डावा नवा आणि उजवा जुना अशी गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते. स्ट्रट खोलला की वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की मार झेलणारं रबर) आणि धुळीची रबरी टोपीही नवी घाला. ही रबरं स्वस्त असतात, मजुरी तेवढीच लागते. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायला सांगा, पडून राहिल्याने आत अडकलेली हवा निघते.

डिझेल गाडीचं नाक जड असतं, त्यामुळे पुढचा सगळा भाग पेट्रोलपेक्षा लवकर थकतो. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, पण रस्त्यावर अजून भरपूर आहेत. सेकंडहँड डिझेल घेत असाल तर सौदा करतानाच पुढच्या सस्पेन्शनचा खर्च धरून चला.

मागची बाजू

स्विफ्टच्या मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई. स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असल्यामुळे मागचा शॉकअप बदलणं सोपं. फक्त खालचा बोल्ट काढण्याआधी बीमखाली जॅकचा टेकू द्या. शॉकअपच बीमला खाली पडण्यापासून रोखत असतो. टेकू न देता बोल्ट काढला तर बीम खाली झुकतो, स्प्रिंग निसटते आणि ब्रेकचे पाइप ताणले जातात.

मागे पाच माणसं, डिकीत सामान आणि टपावर कॅरिअर घेऊन वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्या गाडीत मागच्या स्प्रिंगा हळूहळू बसतात. मग लोक स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घालतात. गाडी दिसायला वर येते खरी, पण दोन वेढे जखडले जातात, स्प्रिंग कडक होते आणि तिथला सगळा मार शॉकअपच्या बुशवर आणि बॉडीच्या सांध्यांवर जातो. त्यापेक्षा योग्य नंबरच्या नव्या स्प्रिंगा घ्या.

अलाइनमेंटवाल्याकडे

लोअर आर्म, टाय रॉड एंड, स्ट्रट, यांपैकी काहीही सुटलं असेल तर अलाइनमेंट लागतेच. त्याआधी चारही टायरची हवा दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. काम करण्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. प्ले असलेल्या गाडीची अलाइनमेंट करून घेणं म्हणजे डगमगत्या टेबलावर पाणीपातळी लावणं, दुसऱ्या खड्ड्यात सगळं बिघडतं.

छोट्या गाड्यांत पुढचा टो फिरवून जुळवता येतो, कॅम्बर सहसा नाही. म्हणून काही ठिकाणी "कॅम्बर आउट आहे" म्हणत हायड्रॉलिक जॅकने स्ट्रटच वाकवून आकडा हिरवा करतात. तसं करू देऊ नका. कॅम्बर बिघडला म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. आधी ते शोधायला सांगा.

पार्ट घेताना

कंपनीच्या अधिकृत काउंटरवरून घेतलेला पार्ट महाग वाटतो, पण रबर आणि गोळ्यांच्या बाबतीत मी तिथेच जातो. शॉकअपसाठी गॅब्रिएलसारख्या नावाजलेल्या उत्पादकांचे पर्याय मिळतात. ही कंपनी १९६१ पासून शॉकअप बनवतेय आणि तिचा कारखाना आपल्या चाकणलाच आहे. बनावट माल भरपूर आहे, त्यामुळे खोका, छापील किंमत, होलोग्राम पाहा आणि पक्कं बिल घ्या. पार्ट नंबर गाडीच्या चेसिस नंबरवरून काढायला सांगा. "स्विफ्टचा द्या" एवढं पुरत नाही, पिढी बदलली की माप बदलतं.

गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आरटीओत दाखवावी लागते, पुढे दर ५ वर्षांनी. सस्पेन्शनचं काम त्याच्या दोन-तीन महिने आधी उरकलेलं बरं.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर

मे महिन्यात एकदा हात-टॉमीची तपासणी, ऑक्टोबरमध्ये एकदा. पावसाळा संपला की गाडी खालून पाण्याच्या जोराने धुऊन घ्या, विशेषतः लोअर आर्मच्या आणि स्प्रिंगच्या बैठकीत साचलेला चिखल. कोकणातली लाल माती तिथे वाळून बसते आणि ओल धरून ठेवते. धुताना फवारा थेट गोळ्यांच्या रबरी टोप्यांवर रोखू नका. फाटलेली टोपी दिसली की त्याच आठवड्यात लक्ष घाला, कारण टोपी फाटण्यापासून गोळा वाजण्यापर्यंत एक पावसाळा पुरतो.

खड्ड्यात चाक जाणारच असेल तर ब्रेक खड्ड्याच्या आधी मारा आणि चाक आत जाताना सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली दबलेलं असतं, स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही आणि सगळा मार बंप स्टॉपवर येतो.

कोणतंही काम झालं की १०० किलोमीटरनंतर सोडलेले सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा. आवळल्यावर मी प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या लोखंडावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढतो. नट हलला तर रेघ तुटते, आणि ती गाडी न उचलता, नुसतं चाक वळवून वाकून पाहिलं तरी दिसते.